नाशिकमधील गायक-वादकांना व्यवहार आणि नागरी कामकाज शिकवणारा वर्ग वस्तीतच चालवता येईल का?

नाशिक रोड परिसरातील दहा-बारा तरुण गायक, वादक आणि चित्रकारांसाठी मानधनाचे व्यवहार, करार आणि परवानग्या शिकवणारा वर्ग सुरू करावा का, आणि त्यात नेमके काय शिकवावे, असे आपण विचारले आहे. मी २२ वर्षे तबल्याची साथ करतो. गेली चार वर्षे आम्ही काही मित्र पंचवटीतील एका तबलावर्गाच्या खोलीत महिन्यातील एका रविवारी अशी बैठक भरवतो, त्या अनुभवावरून लिहितो. वर्ग अवश्य सुरू करावा, मात्र व्याख्यानाने सुरुवात करू नये.

आम्ही नेमकी तीच चूक केली होती. एका सनदी लेखापालांनी दीड तास वस्तू व सेवा कर समजावून सांगितला आणि पुढच्या महिन्यात निम्मी मंडळी फिरकलीच नाहीत. त्यानंतर प्रत्येकाने आपल्या शेवटच्या तीन कार्यक्रमांचा हिशेब आणि आयोजकाशी व्हॉट्सॲपवर झालेले बोलणे घेऊन यावे असे ठरले, तेव्हा कुठे वर्गाला सूर सापडला. एका तरुण तबलजीने येवल्याच्या कार्यक्रमाची बिदागी ४,००० रुपये सांगितली. शंभर पानी वहीत रकाने आखून आम्ही तीतून गाडीभाड्याचा वाटा ६५०, जेवण १५०, तबल्याची पुडी (वरचे कातडे) बदलण्याच्या खर्चातला हिस्सा ३०० आणि त्या दिवशी बुडालेल्या दोन शिकवण्यांचे १,००० रुपये वजा केले, तेव्हा हाती १,९०० उरले. तो बराच वेळ त्या रकान्याकडे पाहत राहिला. पुढच्या सुपारीला त्याने प्रवासखर्च वेगळा मागितला आणि कुरकुर न होता तो मिळालाही.

कराचा भाग आता आम्ही वीस मिनिटांत उरकतो. शास्त्रीय वा लोककलेच्या कार्यक्रमाचे मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असेल तर त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही, आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या आमच्यासारख्यांना सहसा नोंदणीही करावी लागत नाही. आयोजकाने मानधनातून कापलेला आयकर परत हवा असेल तर विवरणपत्र भरावे लागते, एवढे मात्र पक्के ध्यानात ठेवावे.

करारांना मात्र दोन पूर्ण बैठका द्याव्यात. आमच्यातील एका संगीतकाराने ध्वनिमुद्रणासाठी सही करायला दिलेला एकपानी कागद आणला होता आणि त्यात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ हे तीन शब्द मधोमध बसवलेले होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. म्हणजे ‘कायमस्वरूपी’ हा एक शब्द वगळला असता तरी कायदाच त्याच्या बाजूने उभा राहिला असता. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना स्वामित्वधनातील (रॉयल्टीतील) आपला वाटा सोडून देण्याची मुभाच उरलेली नाही, हे तर त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हते.

कलावंताने पैशाची भाषा करू नये, असे बजावणारे कुणीतरी आपल्यालाही भेटेलच. त्यांना पंचवटीतील रामनाम आधाराश्रमाची आठवण द्यावी. १९०१ मध्ये लाहोरला लोकवर्गणी आणि कार्यक्रमांच्या उत्पन्नावर गांधर्व महाविद्यालय उभे करणारे थोर गायक पं. विष्णू दिगंबर पलुस्कर यांची मुंबईतील इमारत कर्जापायी लिलावात गेली आणि त्यानंतर नाशिकचा हा आश्रमच त्यांचा आसरा झाला; पैशाचा प्रश्न एवढ्या मोठ्या कलावंतालाही चुकला नाही.

नागरी कामकाज हा विषय वेगळा काढू नये, कारण आपल्याकडे कालिदास कलामंदिरासारखे नाट्यगृह महानगरपालिकेचे, ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलिसांची आणि नाटकाच्या संहितेचे प्रमाणपत्र परिनिरीक्षण मंडळाचे असते. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, आणि वर्षातील जास्तीत जास्त १५ जाहीर दिवशी तो मध्यरात्रीपर्यंत चालतो, हे माहीत असलेला गायक शेवटच्या भैरवीची वेळ आयोजकाशी आधीच ठरवून घेतो.

माझे स्वतःचे एका सरकारी महोत्सवाचे मानधन आठ महिने थकले होते. मी सहा फेऱ्या मारल्या, आणि खरे सांगायचे तर दोनदा आवाजही चढवला. अखेर वर्गातच सर्वांनी मिळून माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला: देयक कोणत्या तारखेला कोणाकडे गेले आणि आज ते कोणाकडे आहे, एवढेच दोन प्रश्न. १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले आणि आपल्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची असते, ते २६व्या दिवशी आले. बँक खात्याचा पुरावा जोडलेला नसल्याने देयक पहिल्याच महिन्यात बाजूला ठेवले होते. चूक माझी होती, पण ती मला कळवण्याची तसदी कुणीही घेतली नव्हती. तेव्हापासून आमच्याकडील प्रत्येक जण देयकाला रद्द केलेला धनादेश टाचूनच ते देतो.

शुल्काविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगतो: आम्ही माणशी ५० रुपये घेतो, त्यात चहा आणि छायाप्रती भागतात. वकील किंवा लेखापाल यांना तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर बोलवावे, तोवर मंडळींकडे त्यांना विचारण्याजोगे प्रश्न तयार झालेले असतात.