गॅरेजचं दार जमिनीला टेकून लगेच परत वर का जातं?

नवीन ओपनर (दार उघड-बंद करणारी मोटर) बसवल्यावर दार खाली टेकून परत वर जात असेल, तर फोर्स, म्हणजे मोटरच्या ढकलण्याचा जोर, वाढवायची घाई करू नका. बहुतेक वेळा खालची लिमिट, म्हणजे दार कुठपर्यंत खाली न्यायचं याचं सेटिंग, गरजेपेक्षा जास्त खाली लागलेली असते. दार टेकल्यावरही मोटर ढकलत राहते, जमिनीलाच अडथळा समजते आणि दार उलटं फिरवते. लिमिट थोडी थोडी वर घेत जा. खालचं रबर जमिनीवर हलकंसं दबलं की बस.

पण त्याआधी दाराचा तोल बघाच; हे बरेच जण विसरतात. दार पूर्ण बंद असताना लाल दोरी ओढून ओपनर सोडवा आणि दार हाताने अर्ध्यापर्यंत उचला. ते तिथेच थांबलं पाहिजे. खाली घसरत असेल किंवा आपोआप वर जात असेल, तर दोष स्प्रिंगचा आहे. दाराचं वजन स्प्रिंगने पेलायचं असतं, मोटरने नाही. स्प्रिंगला मात्र स्वतः हात लावू नका. तिच्यात एवढा ताण असतो की हाताची हाडं मोडू शकतात. ते काम कारागिराचंच.

दार मध्येच उलटत असेल तर दाराच्या दोन्ही बाजूंचे, वाटेत काही आलं की ओळखणारे सेन्सर बघा: जमिनीपासून १५ सेंमीच्या आत, समोरासमोर, काच पुसलेली.

शेवटी दाराखाली सुमारे ४ सेंमी जाडीची लाकडी फळी आडवी ठेवून दार बंद करा. फळीला टेकताच ते परत वर गेलं नाही, तर पुन्हा अॅडजस्ट होईपर्यंत ओपनर वापरू नका, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.