इंग्रजी साहित्यातल्या संज्ञा पाठ होतात, पण कवितेत ओळखू येत नाहीत. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला 'मेटाफिजिकल', 'रोमँटिक', 'स्ट्रीम ऑफ कॉन्शसनेस' यांच्या व्याख्या तोंडपाठ आहेत, पण पेपरात न वाचलेली कविता आली की हात थांबतो. एम.ए.पर्यंत माझंही हेच व्हायचं. ही नावं कुणी आणि कधी ठेवली हे बघायला लागले, तेव्हा मला वाट सापडली. यातली बरीच नावं त्या लेखकांनी स्वतः घेतलेली नाहीत. मागाहून दुसऱ्यांनी दिलीत, आणि कधी कधी तर नाराजीने.

इंग्रज कवी जॉन डन १६३१ साली वारला. त्याला आणि त्याच्यासारख्यांना 'मेटाफिजिकल कवी' हे नाव रूढ झालं ते १७७९ मध्ये समीक्षक सॅम्युअल जॉन्सनने काउली या कवीच्या चरित्रात वापरल्यामुळे. त्याची तक्रार अशी की एकमेकींशी संबंध नसलेल्या कल्पना हे कवी बळजबरीने एका जुवाला जुंपतात. आता ही तक्रार हातात धरून डनची 'अ व्हॅलेडिक्शन: फॉरबिडिंग मोर्निंग' वाचा. प्रवासाला निघालेला माणूस प्रियेला सांगतो, रडू नकोस. आणि उपमा कशाची देतो? वर्तुळ काढायच्या कंपासची! तू मधला रोवलेला पाय, मी फिरणारा. मी लांब गेलो की तू माझ्या दिशेने कलतेस, मी परत आलो की ताठ उभी राहतेस. तू जागची हलत नाहीस म्हणून माझं वर्तुळ पुरं होतं. शाळेची कंपासपेटी उघडून एक वर्तुळ काढून बघा, तो मधला पाय खरंच कलतो. अशा लांबून आणलेल्या आणि शेवटपर्यंत ताणलेल्या उपमेला 'कन्सीट' म्हणतात. एवढं एकदा हाताने केलंत की व्याख्या घोकावी लागत नाही. पुढे १९२१ मध्ये कवी-समीक्षक टी. एस. एलियटने जॉन्सनला जो दोष वाटला तोच गुण ठरवला: डनसाठी विचार हाच एक अनुभव होता, असं त्याचं म्हणणं.

'स्ट्रीम ऑफ कॉन्शसनेस', म्हणजे मनात सलग वाहणारे विचार, हा तर मानसशास्त्रातला शब्द. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सच्या १८९० च्या ग्रंथातला. १९१८ मध्ये मे सिंक्लेअर या लेखिकेने तो डोरोथी रिचर्डसनच्या कादंबऱ्यांना लावला. मराठीत आपण त्याला 'संज्ञाप्रवाह' म्हणतो.

रोमँटिकांचं थोडं वेगळं आहे. कवी वर्ड्सवर्थने स्वतःला रोमँटिक म्हणवलं नाही, पण कविता कशी होते हे 'लिरिकल बॅलड्स' या कवितासंग्रहाच्या १८०० च्या प्रस्तावनेत त्याने लिहून ठेवलं: भावनेचा उत्स्फूर्त ओघ, पण ती भावना शांतपणे पुन्हा आठवलेली. विद्यार्थी पहिला अर्धा भाग लिहितात आणि दुसरा गाळतात, आणि मला याचंच फार वाईट वाटतं. त्याची 'डॅफोडिल्स' ही कविता घ्या. ती फुलं त्याने बहिणीसोबत, डोरोथीसोबत, १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर तळ्याकाठी पाहिली. तिच्या डायरीत त्या दिवसाची नोंद आहे. कविता छापली गेली १८०७ मध्ये. शेवटच्या कडव्यात फुलं समोर नाहीतच. तो कोचावर रिकाम्या मनाने पडलाय, आणि ती आतल्या डोळ्यापुढे लखलखतात. प्रस्तावनेतलं ते गाळलेलं अर्धं वाक्य इथे आहे. पुढचा पेपर सोडवायच्या आधी हे एकच कडवं मोठ्याने वाचा.