उन्हाळी कोर्सचे युनिट विद्यापीठात कसे जमा होतात?

प्रश्न : मुलगी यूसी डेव्हिसला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, डेव्हिस) पहिल्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात घरी येऊन जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) केमिस्ट्री करायची म्हणते. डेव्हिसला ती धरतात का? – एक पालक, फ्रीमॉन्ट

उत्तर : धरतात, पण फी भरण्याआधी 'असिस्ट' हे संकेतस्थळ उघडा. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजचा कोणता कोर्स यूसीच्या कोणत्या कोर्सऐवजी चालतो, ते तिथे वर्षवार दिलेलं असतं. वर्ष, कॉलेज, डेव्हिस आणि तिचं मेजर (पदवीचा मुख्य विषय) निवडून ते पान जपून ठेवा. नुसतं 'ट्रान्सफर होतो' एवढं पुरेसं नाही. युनिट (कोर्सचे श्रेयांक) जमा होतात, पण मेजरची अट तशीच राहते, असं पुष्कळ मुलांचं होतं.

याचं मूळ बहुधा क्वार्टर आणि सेमिस्टरच्या फरकात असतं. डेव्हिस क्वार्टरवर (शैक्षणिक वर्षात तीन सत्रं) चालतं, फ्रीमॉन्टचं ओलोनी कॉलेज सेमिस्टरवर (दोन सत्रं). सेमिस्टरचं १ युनिट म्हणजे क्वार्टरचे दीड. हा हिशेब सोपा आहे, अडतं ते अभ्यासक्रमात. केमिस्ट्री किंवा कॅल्क्युलसची जी मालिका सेमिस्टरवाले दोन भागांत संपवतात, ती क्वार्टरवाले तीन भागांत शिकवतात. त्यामुळे दोन्ही भाग पुरे केले तरच डेव्हिसचे कोर्स झाले असं धरतात, असं असिस्टवर अनेकदा लिहिलेलं असतं. तिने काही भाग डेव्हिसला केला असेल आणि उरलेला इकडे करायचा असेल, तर मेजरच्या सल्लागाराकडून ईमेलवर होकार घ्याच. आमचा सल्ला असा, की मालिका एकाच जागी पुरी करावी आणि सुट्टीसाठी स्टॅटिस्टिक्ससारखा सुटा विषय घ्यावा.

तारखाही बघा. डेव्हिसचा स्प्रिंग क्वार्टर जूनच्या मध्याला संपतो, तोवर काही कॉलेजांचे उन्हाळी वर्ग सुरू झालेले असतात. आधीचा आवश्यक कोर्स झाल्याचा पुरावा प्रवेशाआधी द्यावा लागतो आणि तो तपासायला वेळ जातो, म्हणून अर्ज एप्रिलमध्येच करावा. कम्युनिटी कॉलेजात राज्यातल्या रहिवाशांना सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर पडतात. कोर्स ग्रेडसह घ्यावा, पास/नो पासवर (नुसत्या पास-नापास शेऱ्यावर) नको. मेजरच्या विषयांना किमान सी लागतो असं धरून चालावं.

निकाल लागल्यावर ट्रान्सक्रिप्ट (कॉलेजचं अधिकृत गुणपत्रक) आपोआप जात नाही, ते मागवावं लागतं. मागवताना 'ग्रेड लागेपर्यंत थांबा' हा पर्याय निवडा, नाहीतर कोर्स 'चालू' दाखवणारा कागद पोचतो. विद्यार्थ्याने स्वतः डाउनलोड केलेली प्रत चालत नाही. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं. ते एका कॉलेजात लिहिलं आणि दुसऱ्यात गाळलं, तर ट्रान्सक्रिप्ट तिच्या खात्याला न जोडता पडून राहू शकतं. दोन्हीकडे नाव आणि जन्मतारीख अगदी सारखी ठेवा.

प्रश्न : कम्युनिटी कॉलेजची ग्रेड तिच्या जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरतात का? – तेच पालक

उत्तर : यूसीच्या जीपीएत नाही, फक्त युनिट येतात. पण पुढे मेडिकलला जायचं असेल तर अर्जात सगळ्या कॉलेजांचे ट्रान्सक्रिप्ट द्यावे लागतात आणि ही ग्रेडही मोजली जाते. तेव्हा सहा आठवड्यांत घाईने केमिस्ट्री उरकण्याआधी तिने हे लक्षात घ्यावं.

प्रश्न : मुलगा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर आहे. सुट्टीत दुसऱ्या कॉलेजात कोर्स केला तर चालेल? – एक पालक, पुणे

उत्तर : उन्हाळा त्याची वार्षिक सुट्टी असेल आणि फॉलला (उन्हाळ्यानंतरच्या सत्राला) तो मूळ कॉलेजात परतणार असेल, तर सहसा चालतं. तरी आपल्या डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांचा व्हिसा बघणाऱ्या कॉलेजच्या अधिकाऱ्याला) आधी विचारून उत्तर लेखी घ्यावं. त्याला राज्याबाहेरच्यांची फी लागेल, आणि ती ४६ डॉलरच्या कितीतरी पट असते.