मुलगा नको म्हणतोय, ते आधी ऐका

प्रश्न: मुलगा अकरावी सायन्सला आहे. त्याने गेम खेळायचा कन्सोल हॅक केला, आता सगळे गेम फुकट चालतात. मी ऑफिसातल्या लोकांचेही कन्सोल आणतो, तो गेम भरून देतो, थोडे पैसे सुटतात. हल्ली मात्र 'दुसऱ्यांसाठी नाही करणार, हे बरोबर नाही' म्हणतो. मी म्हटलं हात बसलाय तर सोडू नको, उद्या कंपन्याच बोलावून नोकरी देतील. गणितात कमी पडतो. जुन्या गेमच्या सेव्ह फाइल (खेळ कुठवर आला ते साठवणाऱ्या) वाचणारं छोटं सॉफ्टवेअरही बनवलंय. एथिकल हॅकिंगचा कोर्स लावू का?
– एक वडील

उत्तर: नमस्कार. कोर्सचं नंतर बघू. मला तुमच्या पत्रात काळजी वाटली ती मुलाची नाही, तुमची. बाकीचे पालक लिहितात की मुलगा ऐकत नाही, वाया चाललाय, आणि तुमच्या घरी मुलगा स्वतःहून सांगतोय की हे चुकतंय आणि बापच गिऱ्हाईकं आणून देतोय. तो एकदा 'नाही' म्हणाला, तुम्ही उडवून लावलंत, तर पुढच्या वेळी तो बोलणारच नाही, आणि या एथिकल हॅकिंगच्या, म्हणजे परवानगी घेऊन सिस्टीममधल्या फटी शोधण्याच्या क्षेत्रात तर कुठे थांबायचं हे ज्याला कळतं त्याच्याच हातात लोक आपल्या सिस्टीम देतात.

स्वतःच्या पैशाने घेतलेलं यंत्र उघडून बघण्यात मला काही पाप वाटत नाही (अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यामुळे नुसतं डिजिटल कुलूप तोडणंही अंगाशी येऊ शकतं, ते वेगळं). जुन्या गेमचं तर आणखी अवघड. तिथल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवलं की अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आता विकतच मिळत नाहीत, मग ते जपणाऱ्याला चोर म्हणायला माझीही जीभ रेटत नाही. पण आज दुकानात असलेला, कोणीतरी वर्षानुवर्षं खपून बनवलेला गेम कॉपी करून त्याचे पैसे आपण घ्यायचे, यात कसलं हॅकिंग? ही चोरीच्या मालाची विक्री झाली. आणि खरं सांगू का, तयार फाइल पेनड्राइव्हवरून टाकायला डोकंही फार लागत नाही.

आता ते 'कंपन्या बोलावून नोकरी देतात'. हे डोक्यातून काढा. जॉर्ज हॉट्झचं नाव तुम्ही ऐकलं असेल, सोनीचा प्लेस्टेशन ३ हा कन्सोल फोडणारा. सोनीने त्याला नोकरी नाही दिली, २०११ मध्ये कोर्टात खेचलं, आणि पुन्हा सोनीच्या वस्तूंना हात लावणार नाही असं कबूल करून तो सुटला. पुढे दुसरीकडे कामं मिळाली ती त्याच्या कौशल्यावर, आणि पायरेटेड गेम विकणारा तो नव्हताच. विकणाऱ्या बाजूला काय होतं ते बघायचं तर गॅरी बाउझर, कन्सोलवर चोरीचे गेम चालवायची साधनं विकणाऱ्या टोळीतला माणूस, त्याला २०२२ मध्ये ४० महिन्यांची कैद झाली आणि वर लाखो डॉलरची भरपाई. पैसे मिळतात ते फट सापडली की गुपचूप कंपनीला कळवणाऱ्याला. त्याच सोनीने २०२० मध्ये अशी बक्षिसं सगळ्यांसाठी खुली केली, प्लेस्टेशन ४ मधल्या गंभीर त्रुटीला ५०,००० डॉलरपासून पुढे. म्हणजे दरवाजा आहे, पण तुम्ही पोराला ढकलताय तो तो नाही.

कोर्स आत्ता नको. इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा देईल, कॉम्प्युटर मिळालं तर छान, नाही तर बीएस्सीही चालतं, ते सगळ्यांना माहितीये. ते सेव्ह फाइलवालं सॉफ्टवेअर तुम्ही शेवटी एका ओळीत उरकलंत, पण अख्ख्या पत्रात त्याने स्वतः बनवलेली गोष्ट तीच आहे. त्याचा कोड नीट लिहून गिटहबवर (कोड सगळ्यांना बघता येईल असा ठेवायची वेबसाइट) टाकायला सांगा, सोबत सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकू दे.

आणि गणित. प्लेस्टेशन ३ ची गुप्त चावी फुटली ती गणितानेच. सॉफ्टवेअर आपलंच आहे हे कन्सोलला कळावं म्हणून कंपनी या चावीने त्यावर डिजिटल सही करते. सही करताना दर वेळी नवा रँडम आकडा घ्यायचा असतो, सोनी एकच आकडा वापरत राहिली, त्यामुळे दोन सह्या हातात आल्या की दोन समीकरणं, दोन अज्ञात, चावी बाहेर. २०१० च्या डिसेंबरमध्ये फेलओव्हरफ्लो नावाच्या हॅकरांच्या गटाने हे जाहीरपणे मांडून दाखवलं. मुलाला हे कागदावर सोडवायला द्या. मॉड्युलो (भागाकाराची बाकी धरून करायचं गणित) येत नसेल तर आधी ते शिकेल, आठवडा जाईल, जाऊ दे, तोवर नवीन कन्सोल घरी आणू नका.