सोसायटीच्या बागेत मुलांसाठी पाण्याचे खेळ: मशरूम घ्यावं की हापसा?

तुम्ही विचारलंय की सांगलीत विश्रामबागेकडच्या तुमच्या सोसायटीत तीस बाय वीस फुटांचा कोपरा रिकामा आहे, कंपनीचा माणूस कॅटलॉग ठेवून गेलाय (पाणी सांडणारं मशरूम, सोंडेतून फवारा मारणारा हत्ती, डोक्यावर ओतणारी बादली), मे महिन्याच्या आत ठरवायचंय, तर काय घ्यावं?

मी मिरजेत खेळघर चालवते, अडीच ते सहा वर्षांच्या मुलांचं. पाण्याचे खेळ दोनदा बसवले. पहिल्यांदा सपशेल चुकले, म्हणून लिहिते.

कॅटलॉग मिटून ठेवा आणि आधी सांगा, पाणी नळाचं की बोअरचं? मी हा प्रश्न स्वतःला विचारलाच नाही. हौसेनं लाल फायबरचं मशरूम आणलं आणि बोअरला जोडलं. पहिला उन्हाळा दृष्ट लागावी असा गेला. दिवाळीत पाहिलं तर छिद्रांभोवती पांढरी खरपुडी. दुसऱ्या उन्हाळ्यात सोळातली नऊ छिद्रं बंद, उरलेल्यांतून पाणी वाकडंतिकडं. टाचणी झाली, व्हिनेगर झालं, शेवटी मशरूम भंगारात गेलं. आपल्याकडं क्षारपड जमिनींचा एवढा पट्टा आहे, बऱ्याच बोअरचं पाणी जड असणारच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा (म्हणजे हाच जडपणा) लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. तुमच्या बोअरचं पाणी तपासून घ्या. तपासायचा कंटाळा असेल तर निदान गीझरची कॉइल बघा, तिच्यावर पांढरा थर असेल तर पाणी जड, तीच सगळं सांगते. पाणी जड असेल तर बारीक छिद्रांचं काहीही घेऊ नका, मग ते कितीही गोड दिसो.

आता हिशेब. दहा नोझल, प्रत्येकातून मिनिटाला पाच लिटर धरले तरी तासाला ३,००० लिटर. संध्याकाळचे दोन तास म्हणजे रोज सहा हजार. एप्रिल-मेमध्ये टँकर मागवणाऱ्या सोसायटीत हे कारंजं किती दिवस चालेल ते तुम्हीच ठरवा. कंपनीचा माणूस म्हणेल, ‘तेच पाणी फिरवू की मॅडम.’ फिरवता येतं, पण मग तो पोहण्याचा तलावच झाला. फिल्टर हवा, मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), पीएच म्हणजे पाण्याचा आम्लपणा ७.२ ते ७.८, आणि हे रोज तपासून वहीत लिहिणारा माणूस हवा. जुलाब झालेलं एक मूल त्यात बसलं की संपलं. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू क्लोरीनमध्येही कित्येक दिवस तगतो, त्यासाठी यूव्हीचं, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं, यंत्र वेगळं. तुमचा वॉचमन हे सांभाळणार आहे का? आमच्या मावशी तरी नव्हत्या सांभाळणार.

म्हणून दुसऱ्यांदा मी हापसा आणला. सरकारी बोअरवर असतो तो नाही, त्याचा दांडा चार वर्षांच्या पोराला उचलत नाही. लहान, हलक्या दांड्याचा, खाली ५०० लिटरची पुरलेली टाकी, तिला नळाचं पाणी आणि कुलूपबंद झाकण. हापसलं तर पाणी येतं, दमलं की थांबतं. वाया जाईल इतकं पाणी पोरांच्या हातून उपसलंच जात नाही. घेताना दांड्याच्या सांध्यात बोट घालून बघा. चेमटत असेल तर तो नको.

हापशातून पाणी पडतं पाटात. सिमेंटचा, गुळगुळीत घोटलेला, जमिनीपासून दीड फूट उंच, दोन वळणं घेऊन खाली वाळूच्या हौदाकडं जाणारा. मध्ये पाणी अडवायला-सोडायला सरकवायच्या फळ्या. या फळ्या आधी सागवानी केल्या होत्या, त्या फुगून खाचेत अशा बसल्या की पक्कड लावावी लागली. आता भाजी चिरायचे प्लॅस्टिकचे बोर्ड कापून लावलेत, तीन वर्षं झाली, तसेच आहेत. पहिल्याच दिवशी म्हैसाळकडचा एक पोरगा, चार वर्षांचा, फळी उपसून ओरडला, ‘दारं मोडलं, दारं मोडलं!’ आणि पलीकडच्या पोरीला म्हणाला, ‘तुझी पाळी संपली.’ आजोबांबरोबर उसात जाणारं पोर ते. शेतात दारं मोडणं म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवणं, आणि पाळी म्हणजे पाणी घ्यायची वेळ. त्याला शिकवायला काही उरलंच नव्हतं.

मोठ्या मुलांसाठी आर्किमिडीजचा स्क्रू घ्या. हँडल फिरवलं की पाणी नळीतून वर चढतं. नऊ-दहा वर्षांची मुलंही त्याला सोडत नाहीत.

बांधकामाचं थोडं. खाली काळी माती असेल तर ती उपसून मुरूम भरून ठोकून घ्या, नाहीतर पावसाळ्यात फुगून आणि उन्हाळ्यात भेगाळून ती तुमचा स्लॅब तडकवेल. शहाबादी फरशी घालू नका. शेवाळ धरलं की त्यावर आपणही आपटतो. झाडूचा हात मारलेलं खरखरीत काँक्रीट, मीटरला दोन सेंटिमीटर उतार, आणि पाणी कुठंही साचता कामा नये. तीन इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, त्यामुळं ‘छोटासाच पूल’ हा हट्ट सोडा. साठून राहिलं तर डासही आहेतच. आम्ही आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करून उन्हात वाळवतो. सांडलेलं पाणी कर्दळीला आणि अळूला जातं, जसं पूर्वी न्हाणीमागं जायचं.

कठडा, शिडी काहीही घेतलंत तर फटी मोजा. नऊ ते तेवीस सेंटिमीटरमधली फट नको, त्यातून धड जातं आणि डोकं अडकतं. स्टील घ्यायचंच असेल तर ३१६ ग्रेडचं मागा, खारट पाण्यात ३०४ ला लवकर डाग पडतात. तरी दुपारच्या उन्हात कुठलंही स्टील चटकाच देतं. पाण्याच्या टाक्या ज्या प्लॅस्टिकच्या असतात त्या जातीचं, उन्हाला टिकणारं प्लॅस्टिक मला बरं वाटतं.

आणि मोटार लावायचीच असेल तर ती वेगळ्या कुलपाच्या खोलीत, ३० मिलिअँपियरच्या आरसीसीबीवर (विजेची गळती झाली की लगेच वीज तोडणारा स्विच). ओल्या जागेत दिवे हवे असतील तर १२ व्होल्टचेच. इथं मात्र पैसे वाचवू नका. तुमचा भाग पुराच्या पाण्यात येत असेल तर पॅनेल २०१९ च्या महापुराच्या खुणेच्या वर ठेवा.

बोअरचा रिपोर्ट आला की इथंच खाली टाका, पाहून सांगते. आणि हापशाच्या दांड्याला साखळी-कुलूप विसरू नका. आमच्याकडं रात्री दहाला कॉलनीतली मोठी माणसं हापसत बसायची.