सेमिनारला वही घेऊन बस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली, सोबतचा तुझ्या व्याख्यानाचा मसुदाही पाहिला. तीन महिने दर आठवड्याला सेमिनारला बसतेस, दहा मिनिटांनंतर काही डोक्यात शिरत नाही आणि बाकी सगळे मात्र माना डोलावत असतात, असं लिहिलंयस. त्या मानांचं फारसं मनावर घेऊ नकोस. मीही बरीच वर्षं तशी मान डोलावली आहे. विषय माझ्या शाखेबाहेरचा असला, तर आजही विसाव्या मिनिटाला माझा धागा सुटतो.

सेमिनारला सगळं समजून घ्यायला जायचं असतं, हा समज आधी सोड. समजून घ्यायला शोधनिबंध असतो, तो रात्री निवांत वाचता येतो. निबंधात जे छापलं जात नाही ते ऐकायला सेमिनारला जायचं: कुठं अडलंय, कोणत्या अटीबद्दल वक्त्यालाच खात्री नाही, काय खरं असेल असं त्याला नुसतं वाटतंय.

१९६० सालची मॉस्को विद्यापीठातली गोष्ट तुला माहीत असेल. रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह यांनी सेमिनारमध्ये आपला एक अंदाज मांडला. दोन मोठ्या संख्यांचा गुणाकार करायला लागणाऱ्या पायऱ्या अंकांच्या संख्येच्या वर्गाच्या पटीत वाढतात, त्याहून कमीत भागणारच नाही, असा तो अंदाज होता. हजारो वर्षं माणसं गुणाकार करत आली. सोपी रीत असती तर एव्हाना सापडली असती, हा त्यामागचा विचार. श्रोत्यांत २३ वर्षांचा अनातोली कारात्सुबा होता. आठवड्याभरात त्यानं रीत शोधली: प्रत्येक संख्येचे दोन तुकडे करायचे आणि चार गुणाकारांऐवजी तीनच करायचे. १२ गुणिले ३४ घे. १ गुणिले ३ म्हणजे ३. २ गुणिले ४ म्हणजे ८. मग (१+२) गुणिले (३+४) म्हणजे २१; त्यातून ३ आणि ८ वजा केले की मधले १० मिळतात. ३ शतक, १० दशक आणि ८ एकक, म्हणजे ३००, १०० आणि ८ मिळून ४०८. हेच तुकड्यांच्या तुकड्यांवर करत गेलं की वर्गाच्या, म्हणजे २ या घाताच्या, जागी साधारण १.५८५ हा घात येतो. कोल्मोगोरोव्ह यांनी पुढच्या बैठकीत ही रीत स्वतःच सांगितली आणि तो सेमिनार तिथंच संपवला.

मला यात कारात्सुबाच्या हुशारीपेक्षा कोल्मोगोरोव्ह यांचं वागणं जास्त आवडतं. सिद्ध न झालेली गोष्ट त्यांनी विद्यार्थ्यांसमोर उघड बोलून दाखवली. तसं वाक्य तुझ्या कानावर पडेल तेव्हा ते वहीत उतरलेलं हवं.

म्हणून वही ने, लॅपटॉप नको. फळ्यावरचं सगळं उतरवत बसू नकोस. पहिल्या पंधरा मिनिटांतल्या व्याख्या मात्र नीट लिही, कारण धागा बहुतेक वेळा तिथंच सुटतो, आपल्याला कळतं पुढं. मग सर्वांत लहान उदाहरण घे: दोन शिरोबिंदूंचा आलेख (म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा), दोन बाय दोनची सारणी, रिकामा इनपुट. प्रमेय त्याला लावून पाहा. वक्ता पुढं गेला तर जाऊ दे. असं उदाहरण घेऊन बसणाऱ्याला प्रश्न आपोआप सुचतात. ही अट काढली तर नेमकं काय मोडतं? अल्गोरिदम, म्हणजे उत्तर काढायची पायरीपायरीची रीत, वेगवान आहे म्हणता, पण त्याला सर्वांत त्रास देणारा इनपुट कसा दिसतो? हे प्रश्न कधीच बावळट ठरत नाहीत. आणि ठरले तरी काय! मॉस्कोतच गणितज्ञ गेलफांड यांच्या सेमिनारमध्ये ते वक्त्याला मध्येच थांबवून श्रोत्यांतल्या एखाद्याला आतापर्यंतचं सांगायला लावत. तुझ्यावर तशी वेळ आलेली नाही.

आता तुझ्या स्वतःच्या व्याख्यानाबद्दल. माझ्या पहिल्या व्याख्यानाला मी साठ स्लाइड केल्या होत्या आणि मुख्य प्रमेयापर्यंत पोचण्याआधीच वेळ संपली. शेवटच्या पाच मिनिटांत मी नुसती बटणं दाबत होतो. तुझ्या मसुद्यात चार सिद्धता आहेत. तीन काढ. जी ठेवशील ती फळ्यावर कर. खडूमुळे वेग आपोआप आटोक्यात राहतो. पार्श्वभूमीत मार्गदर्शकांच्या सगळ्या निबंधांची उजळणी करायची गरज नाही, त्यांनी ते वाचलेले आहेत. आणि ज्या पायरीला 'हे स्पष्टच आहे' असं लिहिलंयस, ती कोणी ना कोणी विचारणार. मलाही ती दोनदा वाचून कळली नाही.

रविवारपर्यंत नवा मसुदा पाठव. सोबत मागच्या सेमिनारच्या वहीच्या पानाचा फोटोही पाठव, अक्षर कसंही असो.

तुझा,
सर