धुळीत चालणाऱ्या ट्रकच्या टायरला आणि काळ्या प्लास्टिकला काय लावावं?

तुमचे ट्रक दिवसभर खाणीच्या कच्च्या रस्त्यावर असतात. सकाळी पॉलिश मारलेले टायर संध्याकाळी पिठात घोळल्यासारखे दिसतात, म्हणून आणखी चमकणारं पॉलिश आणावं का, असा तुमचा प्रश्न आहे. आणू नका. ओली चमक म्हणजे टायरवर राहिलेला तेलाचा थर, आणि धूळ नेमकी त्यालाच धरते. अशा कामाला बोट लावल्यावर कोरडं लागणारं पॉलिशच घ्यावं, भले ते थोडं मंद दिसो.

बाजारात ढोबळमानाने दोन प्रकार मिळतात. एक पारदर्शक, तेलकट, रॉकेलसारख्या वासाचा. त्यातला सॉल्व्हंट उडून जातो, पण मागे राहिलेलं सिलिकॉन तेल सुकत नाही. दुसरा दुधासारखा पांढरा, पाण्यात बनवलेला. यातलं पाणी उडालं की पातळ थर उरतो. सिलिकॉन याच्यातही बहुधा असतंच, त्यामुळे लेबलवर तो शब्द दिसला म्हणून बाटली परत ठेवायची गरज नाही. थर कोरडा होतो की नाही, एवढंच बघायचं. एका टायरला लावा, अर्ध्या तासाने पांढरं कापड फिरवा. कापडावर तेलकट डाग आला तर ते पॉलिश शोरूमच्या गाडीला ठीक आहे, तुमच्या कामाचं नाही.

पण खरी मेहनत लावण्यात नसून धुण्यात आहे. टायरवर जो तपकिरी रंग दिसतो तो सगळा मातीचा नसतो. रबराला ओझोनमुळे चिरा पडू नयेत म्हणून कारखान्यातच त्यात रसायनं आणि मेण मिसळलेलं असतं. ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि हवेत तपकिरी पडतं. त्यावर जुन्या पॉलिशचा थर, त्यावर धूळ. या राड्यावर नवं पॉलिश कितीही चांगलं असलं तरी धरत नाही. टायर क्लीनर मारून कडक ब्रशने घासा. पहिला फेस चहासारखा निघेल. फेस पांढरा येईपर्यंत, म्हणजे सहसा दोन-तीन वेळा, घासावंच लागतं. मग टायर पूर्ण सुकू द्या, अक्षरांच्या खाचांतलं पाणीसुद्धा. मी एकदा घाईत ओल्या टायरवरच लावलं आणि गाडी लगेच बाहेर पाठवली. पॉलिश उडून दाराच्या खालच्या पत्र्यावर काळ्या शिंतोड्यांची रांग उमटली होती.

लावताना स्पंजवर थोडंच घ्या आणि टायरच्या बाजूच्या भिंतीला चोळा. लेबल परवानगी देत असेल तर निम्मं पाणी घाला, थर आपोआप पातळ बसतो. 10-15 मिनिटांनी कोरड्या कापडाने जास्तीचं पुसून घ्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि धुळीत तिचाच सगळ्यात जास्त फरक पडतो. शक्य असेल तर काम संध्याकाळी करा, म्हणजे गाडी रात्रभर उभी राहते. ट्रेडवर (टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर), पायदानावर आणि पेडलवर थेंबही जाऊ देऊ नका, घसरण होते. डिझेल किंवा जळालेलं ऑइल टायरला फासायची सवय काही ठिकाणी आहे, ती कृपा करून सोडा. तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं.

बंपर, चाकावरच्या कमानी, आरशांची घरं, या काळ्या प्लास्टिकला टायरचं पॉलिश नको. खरखरीत प्लास्टिकच्या बारीक खाचांत तेल बसतं, त्यात धूळ भरते आणि पहिल्या पावसात ओघळ येतात. तिथे सुकून कडक होणारं ट्रिम कोटिंग घ्या. आधी साबणाने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कारण जुनं तेल राहिलं तर कोटिंग पकडत नाही. हे महागात जातं खरं, पण महिनोन्‌महिने टिकतं आणि धूळ नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने जाते. धूळ बसलेली असताना कोरड्या कापडाने मात्र पुसू नका, ती पॉलिश पेपरसारखी घासते.

सगळ्या गाड्यांना एकदम माल घेण्याआधी एकाच ट्रकच्या पुढच्या दोन टायरांवर करून बघा: डावीकडे तुमचं आत्ताचं पॉलिश, उजवीकडे पाण्याचं, दोन्ही सारखेच घासून. आठवड्याने दोन्हींचे फोटो टाका, मग किती पातळ करायचं ते ठरवू.